गुळव्याच्या हातचं विसण

फॉर्मवर 'व्यवसाय' असा एक रकाना होता. सर्जेराव चौगल्यांनी त्यात 'शेती'वर बोट टेकवलं आणि सगळं तिथंच बिघडलं.

आता यात त्यांचं एकट्याचं चुकलं असंही नाही. आमच्या कोल्हापूरकडं कुणालाही विचारा, काय करता? मास्तर असो, वायरमन असो, नाहीतर दुधाच्या टँकरवरचा ड्रायव्हर असो, उत्तर एकच, शेती. दीड एकर का असेना, सातबाऱ्यावर नाव आहे ना, मग शेती. बाकीचं ते पोटापाण्याचं, ते कोण कागदावर लावत बसत नाही. सर्जेराव एकतीस वर्षं गुळव्या होते. म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस ज्या मोठ्या काहिलीत उकळतो, तिच्यापाशी उभं राहायचं आणि पाक नेमका कधी झाला ते डोळ्यानं, हातानं आणि नाकानं ओळखायचं. पंचक्रोशीत त्यांच्या तोडीचा दुसरा उरला नव्हता. पण दवाखान्यातल्या पोरीनं टॅब पुढं धरला आणि त्यांचं बोट सवयीनं गेलं ते शेतीवर.

त्या फॉर्मला पुढं एक लाल पान होतं. भट्टी, वेल्डिंग, आचाऱ्याचं काम, उकळतं तेल, असल्या धंद्यातल्या लोकांसाठी. शेतीवाल्यांना ते पान दिसतच नव्हतं.

ही गोष्ट दोन हजार एकेचाळीस सालची. त्या वर्षी आषाढात सर्जेरावांच्या डाव्या बरगडीवर नागीण उठली. पाठीच्या कण्यापासून बेंबीपर्यंत पुरळाचा पट्टा. गावात जो येईल तो सांगे, नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस जातो. कुणी गेरूचा लेप दिला, कुणी मंत्रून दिलं. पुरळ तीन आठवड्यांत वाळून गेलं, पण आतली कळ काही जाईना. बनियन अंगाला लागलं तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा सोसवेना आणि पंखा बंद करून उकाडाही सोसवेना. झोप नाही, जेवण नाही. चांगला उंचापुरा गडी, दीड महिन्यात निम्मा झाला.

एका दुपारी नंदा, म्हणजे त्यांची बायको, शेताकडं गेली, तर सर्जेराव विहिरीच्या कठड्यावर पाय आत सोडून बसलेले. पण ती ओरडली नाही की धावली नाही. हळूच शेजारी जाऊन बसली, तसेच पाय आत सोडून.

"मोटार बघाया आलाय व्हय?" ती म्हणाली.

सर्जेरावांनी एक पाय वर ओढून घेतला. मग म्हणाले, "व्हय. मोटार बघाया आलतो."

"चला मग. बघून झाली न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं तिनं त्यांना कोल्हापुरात आणलं. तिथं दुखण्यावर इलाज करणारा एक नवा दवाखाना निघाला होता.

डॉक्टर समीना बागवान वयानं लहानच होत्या, पण समजावून सांगायची हातोटी होती. नंदा खाली केसपेपरच्या रांगेत होती. डॉक्टरांनी समोरच्या कागदावर एक गोल काढला.

"ही तुमच्या शरीरातली एक पेशी. हिच्या आत सगळ्या कामांची मूळ वही असते. ती वही कधीच बाहेर येत नाही. लागेल त्या पानाची नक्कल निघते, चिठ्ठी म्हणा ना. त्या चिठ्ठीला आरएनए म्हणतात. चिठ्ठी बाहेर कारागिरांकडं जाते, ते तिच्याबरहुकूम माल बनवतात. कळलं?"

"मालकाची चिठ्ठी गड्याकडं," सर्जेराव दात आवळून म्हणाले.

"अगदी. आता कळ वाहून नेणाऱ्या ज्या शिरा आहेत, त्यांच्यावर बारीक दारं असतात. दार उघडलं की मीठ आत शिरतं आणि कळ मेंदूकडं पळत सुटते. नागिणीनं तुमच्या शिरा पिसाळल्यात, दारं सारखी उघडतायत. आम्ही वहीला हात लावत नाही. ह्या एका जातीच्या दारांची जी चिठ्ठी निघते, तेवढी वाटेत फाडायची. वही बोलत राहील, पण तिचं कुणाला ऐकू जाणार नाही."

"फाडणार कोण?"

"तुमचीच पेशी. तिच्याजवळ कात्री असते, आत घुसलेल्या विषाणूंच्या चिठ्ठ्या कापायची. आम्ही प्रयोगशाळेत एकवीस अक्षरांचा आरएनएचा एक तुकडा बनवतो आणि त्या कात्रीच्या हातात देतो. हा तुकडा जिच्याशी जुळेल ती चिठ्ठी कापायची, बाकीच्यांना शिवायचं नाही. जुनी दारं झिजून जातात, नवी बनत नाहीत. पंधरा-वीस दिवसांत कळ शांत. कण्यात एक सुई, सहा महिने आराम."

"आणि मधीच नको वाटलं तर?"

"मध्येच काढून घेता येत नाही. आपोआप उतरेल तेव्हाच उतरेल." डॉक्टरांनी कागद बाजूला केला. "अजून एक. नाकातल्या वासाच्या शिरांवरही हीच दारं असतात. म्हणजे वास जाईल, जवळपास सगळा. गरम-गार कळेल, पण चटका कळणार नाही. काटा, ठेच, काही दुखणार नाही. म्हणून रोज संध्याकाळी हातपाय बघायचे." त्यांनी फॉर्मवर नजर टाकली. "शेतीच ना? मग पायात बूट घालत जा."

सर्जेरावांना एव्हाना शब्द ऐकू येत होते तेवढेच, अर्थ नव्हता. बरगडीत आगीचा दोरा कुणी मागंपुढं ओढत होतं. "नाक घ्या, कान घ्या, काय पायजे ते घ्या," ते म्हणाले, "पर हे थांबवा."

सुई घेतल्यापासून अठराव्या दिवशी सकाळी ते उठले आणि शर्ट घालून, बटणं लावून चहा प्यायला बसले. नंदाच्या लक्षात आलं तेव्हा तिच्या हातातली बशी लवंडली. ती चुलीपाशीच बसून रडली आणि सर्जेराव तिच्याकडं बघून हसले. किती दिवसांनी हसले होते.

गौरी-गणपती, नवरात्र मजेत गेलं. कळ गेल्याच्या आनंदात बाकी कशाकडं लक्षच नव्हतं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला नंदानं पाठीला उटणं लावलं, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की कशालाच वास नाही. उटण्याला नाही, तेलाला नाही, फटाक्याच्या धुरालाही नाही. त्यांनी गुपचूप कपाटातली अत्तराची बाटली नाकाला लावली. पाणी हुंगल्यासारखं झालं. तेव्हा कुठं डॉक्टरांचं बोलणं आठवलं. पंधरा दिवसांवर हंगाम आला होता.

आता गुळव्याचं नाक गेलं म्हणजे काय, ते सांगायला हवं. गुळाचे कारखाने तोवर सगळीकडं झाले होते, आत माणूस नाही, सगळं काटे आणि सेन्सर बघून चालायचं. आप्पासो नलवड्यांचं गुऱ्हाळ तेवढं जुन्या पद्धतीचं उरलं होतं आणि ते चालत होतं सर्जेरावांच्या जिवावर. यंत्राला एकच ताप ठाऊक. पण नदीकाठच्या मळीच्या रानातला ऊस वेगळा, माळावरचा वेगळा, खारवट रानातला त्याहून वेगळा. एकाचा पाक ज्या तापाला तयार होतो, त्या तापाला दुसऱ्याचा करपून जातो. शेवटच्या दोन मिनिटांत रसाचा हिरवट वास मरतो आणि भाजल्या शेंगदाण्यासारखा वास उठतो. तो उठला की गुळव्यानं म्हणायचं, "उतरवा." चार गडी काहील ओढून गूळ निववायच्या वाफ्यात पालथी करतात. एवढं एक आदण झालं. हा शब्द लवकर आला तर गूळ बसत नाही, उशिरा आला तर काळा पडतो. गुळव्या 'उतरवा' म्हणाला की तिथं आप्पासोसुद्धा बोलायचे नाहीत.

सर्जेरावांनी कुणाला काही सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? पैलवानानं माझी मांडी गेली म्हणून सांगायची सोय असते का?

पहिले काही दिवस त्यांनी डोळ्यावर मारून नेलं. बुडबुडा बघायचा, फेस बघायचा, पाकाची गोळी पाण्यात धरून बघायची. पण डोळ्याला वाफ आडवी येते. चौथ्या दिवशीचं एक आदण लागलं, म्हणजे तळाला करपलं. आप्पासोंनी खडा तोंडात टाकला, सर्जेरावांकडं बघितलं आणि न बोलता निघून गेले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी सर्जेराव काहिलीभोवती पिंजऱ्यातल्या वाघासारखे फिरत राहिले.

संध्याकाळी घरी येऊन मोजा काढायला गेले तर मोजा निघेना. ओढला, तर त्याबरोबर कातडंही आलं. पायाच्या चवड्यावर तळहाताएवढा भाजल्याचा चट्टा होता. पाक कधी सांडला, बुटात कधी गेला, काही कळलं नव्हतं. ते त्या पायाकडं दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघत राहिले. मग बोट पाण्यात घालून बघितलं, आधी कोमट, मग चुलीवरच्या पातेल्यात. गरम कळत होतं. पण कुठवर गरम ते कळत नव्हतं. कोमटाच्या पुढं सगळं सारखंच. त्यांनी पायाला फडकं बांधलं आणि नंदाला सांगितलं, घसरलो.

अशात लेक बाळंतपणाला आली. ईश्वरी, एकुलती एक, सांगलीला दिलेली. कार्तिकात तिला मुलगी झाली. सर्जेरावांनी नात हातात घेतली आणि रीतीप्रमाणं तिच्या टाळूला नाक लावलं. काहीच नाही. ईश्वरी अंथरुणावरून बघत होती. "कसा वास येतोय न्हवं, पप्पा?" ती म्हणाली. ते म्हणाले, "लई भारी."

बारशाच्या दिवशी घर भरलं होतं. सांगलीहून विहीणबाई आल्या होत्या, चार बायका मोरीच्या दाराशी उभ्या. सोलरचं पाणी बाळाला नको म्हणून नंदानं मुद्दाम बंब पेटवला होता. ती पाटावर पाय लांब करून बसली, नडगीवर बाळ उताणं घेतलं आणि तेल जिरवायला लागली. आता कढत पाण्यात थंड पाणी मिसळून ते बाळाच्या अंगाला सोसेल असं करायचं, म्हणजे विसण घालायचं. घरातल्या जाणत्या हातानं ते करायचं असतं.

"विसण पप्पांना घालू दे," ईश्वरी म्हणाली. "माझंबी त्यांनीच घातलंय लहानपणी."

"होय की," विहीणबाई हसून म्हणाल्या, "गुळव्याचा हात. त्याच्याइतकं पाणी कुणाला कळायचं?"

सर्जेरावांनी बादलीत दोन तांबे थंड पाणी ओतलं आणि हात घातला. गरम लागलं. किती गरम? मनगटापर्यंत घातला. गरम. सांगावं का, की मला कळत नाही? एवढंच तर बोलायचं होतं. पण दाराशी विहीणबाई, लेक कौतुकानं बघतेय, आणि एकतीस वर्षांचं नाव. त्यांना स्वतःचाच राग आला, तरी तोंडातून निघालं ते, "ठीक हाय."

नंदानं तांब्या भरला. कुणाच्याही हातचं विसण असो, पहिला तांब्या स्वतःच्या पायावर ओतायचा ही तिच्या आईची शिकवण. तिनं बाळाच्या पायाखाली, आपल्या घोट्यावर तो ओतला.

ती किंचाळली नाही. घशातून नुसता एक आवाज आला आणि तिनं बाळाला वर उचललं. पण चार थेंब उडायचे ते उडाले, बाळाच्या टाचेवर. मग बाळ जे रडायला लागलं, ते सगळ्या गल्लीत ऐकू गेलं. नंदाच्या घोट्यावर बघता बघता फोड आले. बाळाच्या टाचेवर गुंजेएवढा लाल डाग उठला.

"पप्पा?" ईश्वरी एवढंच म्हणाली.

सर्जेराव म्हणाले, "चुकलं." आणि मागच्या दारानं गोठ्यात जाऊन बसले.

पाहुणे गेल्यावर नंदा लंगडत तिथं आली. बादली पालथी घालून तिच्यावर बसली. "तो पाय घसरून भाजला न्हवता," ती म्हणाली. "आणि दिवाळीपास्नं मी भाजीला फोडणी दिली तरी तुम्ही 'आज काय केलंय' म्हणून विचारायलाय. आधी दारातनंच सांगायचा. बोला आता."

त्यांनी सगळं सांगितलं. फॉर्म, शेती, नाक, हात. "मला कळत हुतं नंदे, की मला कळत न्हाई. तरी म्हणालो ठीक हाय. पोरीच्या अंगावर गेलं असतं."

"गेलं असतं," नंदा म्हणाली. तिनं त्यांना सूट दिली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "गुऱ्हाळावर किती आदणं लागली?"

"चार."

"पाच. रोजच्या रोज तुमचे कपडे मीच धुतो. एकतीस वर्षं तुमच्या सदऱ्याच्या वासावरनं सांगतो मी, आज कसं उतरलं ते. मला वाटलं, वय झालं आता माणसाचं."

दुसऱ्या दिवशी पायाला पट्टी बांधून नंदा गुऱ्हाळावर आली. त्या गुऱ्हाळात बाईमाणसानं काहिलीच्या कट्ट्यावर चढायचं नाही असा नियम होता. कुणी केला, का केला, कुणाला ठाऊक नाही. नंदा सरळ कट्ट्यावर चढली आणि आप्पासोंना तिथूनच म्हणाली, "आप्पासो, ह्यांचं नाक औषधानं गेलंय. उन्हाळ्यापर्यंत वास मी घेतो. गूळ बिघडला तर मला सांगा, ह्यांना न्हाई." गडी एकमेकांकडं बघायला लागले. सर्जेरावांना भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आप्पासोंनी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. "चालू द्या," म्हणाले, "एक आदण बघू."

पाक चढला. फेस पिवळा झाला, मग लाल. सर्जेराव बुडबुडे बघत होते, नंदा डोळे मिटून उभी होती. "हिरवट हाय अजून," ती पुटपुटली. "हाय. हाय. मेला आता." आणि मग, "शेंगा भाजल्या."

"उतरवा," सर्जेराव म्हणाले. वाफ्यात पाक ओतला तो सोन्यासारखा.

गूळ सुधारला. पण घर काही सुधारलं नाही. ईश्वरी वडिलांना टाकून बोलली नाही, नुसती बाळाला त्यांच्या हातात देईना. ते खोलीत आले की बाळाला उचलून दुसऱ्या कुशीवर घ्यायची. नाव शर्वी ठेवलं होतं. टाचेचा डाग आठवड्यात गेला, नंदाच्या घोट्यावरचा राहिला. सर्जेरावांना रात्रंदिवस एका जागी बसवेना. दुखत काही नव्हतं, अंगात एक बारीक कुसळसुद्धा टोचत नव्हतं, आणि तरी हा माणूस घर ते गुऱ्हाळ, गुऱ्हाळ ते घर घिरट्या घालत होता.

एकदा कट्ट्यावर रस तापायची वाट बघताना त्यांनी नंदाला विचारलं, "शर्वीला वास कसा येतो गं?"

"बाळाला येतो तसा."

"तसा म्हंजे?"

नंदानं विचार केला. पाकाचा वास ती दहा तऱ्हेनं सांगायची, इथं तिला शब्द सापडेनात. "सांगता येत न्हाई," ती म्हणाली. "आणि तो लई दिवस राहतबी न्हाई. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जातो." हे बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, ह्यांचं नाक तोवर परत यायचं नाही. सर्जेराव काहिलीत बघत राहिले. गुढीपाडव्याला ईश्वरी सासरी जायची होती.

फेब्रुवारीच्या शेवटी बरगडीत पहिली टोचणी झाली. मुंगी चावल्यासारखी. सर्जेराव बुलडोझर अंगावर येताना बघावा तसे दचकले. दोन दिवसांनी परत. मग रोज. पेशीतली कात्री बोथट व्हायला लागली होती, चिठ्ठ्या परत निघायला लागल्या होत्या. मोबाईलवर दवाखान्याचा निरोप आला, 'आपल्या दुसऱ्या डोसची वेळ झाली आहे.' या खेपेला नंदा रांगेत थांबली नाही, आत आली.

सर्जेरावांनी डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. डॉक्टर बागवान खुर्चीत मागं टेकल्या. त्यांनी फॉर्म उघडला आणि रकान्यांची यादी वरून खाली चाळली. "गुळव्या असा पर्यायच नाही यात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण मी तोंडी विचारायला पाहिजे होतं. माझंही चुकलं." मग सरळ बसल्या. "दुसरा डोस देता येईल. पण मग काहील बंद, चूल बंद, बाळाचं पाणी बंद. कायमचं. डोस चालू तोवर तुम्ही आगीजवळ जायचं नाही."

"आणि न्हाई घेतला तर?"

"कळ परत येईल. पहिल्याइतकीच येईल असं नाही, पण येईल. जुन्या गोळ्या आहेत, पट्ट्या आहेत, त्या निम्मी मारतील. वास यायला हवा. कधी ते सांगता येत नाही, आणि पूर्वीसारखा होईल याची खात्री मी देणार नाही."

"घ्या डोस," नंदा म्हणाली. डॉक्टरांसमोरच म्हणाली. "गुळाला मी हाय. नाक माझं, हात माझा. तुम्ही नुसतं बसून सांगा."

"न्हाई घेत."

"विहिरीवर तुमच्याशेजारी मी बसलोतो. ह्या डॉक्टरीणबाई न्हवत्या." ती त्यांच्याकडं वळली. "परत बसायचं बळ माझ्यात न्हाई. सांगून ठेवतो."

सर्जेरावांनी स्वतःचे तळहात पुढं धरून बघितले. ते म्हणाले, "तिला हातात घेतली तरी माझी मला भीती वाटती गं. माझा हात कुणाला काय करंल ते मलाच कळत न्हाई. कळ सोसंन मी. हे न्हाई सोसत." गोळ्यांचं पाकीट घेऊन दोघं गावी आली.

दुसऱ्या दिवशी नंदानं गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला शेतावर नेलं आणि विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली. कुलूप घातलं, किल्ली मंगळसूत्रात ओवली. "तुमचं तुम्ही ठरवलंय," ती म्हणाली, "माझं मी."

मार्च कसा गेला ते सर्जेरावांना विचारा. कळ रोज एक पायरी चढत होती. गोळ्यांनी गुंगी यायची, पट्टीनं थोडं थंड वाटायचं. सदरा पुन्हा खुंटीवर गेला. नाकात मात्र काही नाही. दिवसातून दहा वेळा ते लसणाची पाकळी ठेचून हुंगायचे, कापूर चोळून हुंगायचे. आपण हिशेबात फसलो की काय, दुखणं तेवढं परत आलं आणि वास गेला तो गेलाच, या विचारानं त्यांचा जीव कासावीस व्हायचा. दोनदा त्यांनी दवाखान्याचा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. हे त्यांनी नंदाला सांगितलं नाही, पण तिनं फोनमध्ये बघितलं होतं.

पाडवा उजाडला. दारात गुढी उभी राहिली. जावई दुपारी गाडी घेऊन यायचे होते, ईश्वरी आतल्या खोलीत कपडे भरत होती. नंदानं लेकीसाठी खिरीचं दूध चुलीवर ठेवलं आणि शर्वीला निघायच्या आधीची आंघोळ घालायला मोरीत आली. पाचवा महिना लागलेलं बाळ, नडगीवर मावत नव्हतं. ओव्याची धुरी आधीच पेटवून ठेवली होती, सगळी मोरी धुरानं भरलेली.

सर्जेराव दाराशी उभे होते. उघड्या अंगानं, डावा हात बरगडीपासून लांब धरून. कुणी बोलावलं नव्हतं. ते आत आले आणि बादलीपाशी बसले.

नंदानं त्यांच्याकडं बघितलं. तांब्या त्यांच्या बाजूला सरकवला.

त्यांनी एक तांब्या थंड पाणी ओतलं आणि हात पाण्यात घातला. आणि स्स् करून झटक्यानं बाहेर काढला. बोटं लाल झाली होती, ठणकत होती. त्यांनी ती बोटं डोळ्यांसमोर धरली.

"कढत हाय," ते म्हणाले. "लई कढत हाय, नंदे." दुसरा तांब्या ओतला, हात घातला. तिसरा ओतला. आता पाणी मनगटाला नुसतं ऊब देत होतं, कुठं बोचत नव्हतं. "आता घे."

नंदानं तांब्या भरला आणि पहिल्यासारखाच आपल्या घोट्यावर ओतला, जुन्या डागावर. थांबली. मग शर्वीच्या अंगावर पाणी घालायला लागली. बाळ खिदळत होतं. आवाज ऐकून ईश्वरी दारात आली, हातात अर्धी घडी घातलेली साडी.

आंघोळ झाल्यावर नंदानं बाळ पंच्यात गुंडाळलं. ईश्वरीनं पुढं होऊन ते घेतलं, क्षणभर छातीशी धरलं आणि वडिलांच्या हातात दिलं. शर्वीनं लाथ झाडली ती नेमकी डाव्या बरगडीवर. सर्जेरावांच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. पण त्यांनी तिला घट्ट धरलं आणि तिच्या ओल्या जावळात नाक खुपसलं.

काही नाही. धुरीचा धूर डोळ्यांत गेला, पाणी आलं, पण वास नाही. ते तसेच उभे राहिले. दोघी त्यांच्याकडं बघत होत्या.

मग सर्जेरावांनी मान वर केली. एकदा श्वास घेतला. परत घेतला, लांब, काहिलीच्या कट्ट्यावर घ्यायचे तसा.

"नंदे," ते म्हणाले, "दूध लागलंय बघ चुलीवर."

नंदानं हुंगलं. तिच्या नाकात ओव्याचा धूर भरला होता, तिला काहीच कळलं नाही. ईश्वरी मात्र स्वयंपाकघराकडं पळाली आणि आतून पातेलं आदळल्याचा आवाज आला. "आई, तळ लागला गं. पार करपलं."

सर्जेराव बाळाला धरून तिथंच खाली बसले. हसत होते की रडत होते कुणास ठाऊक. नंदानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"असू दे," तिनं आतल्या बाजूला सांगितलं. "करपू दे आज."